गावरान भांगेचे मूळ, आणि तिचे बी आज कुठे मिळते

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. भांग-गांजाचे मूळ देशी वाण, ज्यांना हल्ली सगळे 'लँडरेस' म्हणतात, ते आले कुठून? आणि मलाणा, केरळ, हिंदुकुश अशा नावांनी नेटवर बियाण्याची जी पाकिटे विकायला असतात ती खरी असतात का, नसतील तर अस्सल बी मिळते कुठे? पहिल्याचे उत्तर लांबलचक आहे आणि ते सांगायला मला आवडेल. दुसऱ्याचे आधीच सांगून टाकते. पाकिटातले बी बहुतेक वेळा त्या गावचे नसते. क्वचित असले, तरी दोन-तीन पिढ्यांत ते त्या गावचे उरत नाही. असे का होते ते कळायला वाण म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

मी वनस्पतिशास्त्रातली. देशी वाणांचे बी गोळा करायचे, नोंदवायचे आणि पुन्हा पेरून जिवंत ठेवायचे, हे काम तीसेक वर्षे केले. सुरुवात सह्याद्रीतल्या नाचणी-वरईपासून झाली, नंतरची बरीच वर्षे उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या डोंगरात गेली. भांगेकडे मी वळले ती तिथली चटणी आणि दोर बघून. तिकडे भाजलेल्या भांगेच्या दाण्यांची चटणी रोजच्या जेवणात असते, गडेरीच्या, म्हणजे अळकुड्यांच्या भाजीत ते दाणे वाटून घालतात, आणि सालीच्या धाग्याचे दोर अजून काही घरांत वळतात. दाण्यात नशा नसते. नशेचा राळेसारखा चीक मादी झाडाच्या फुलोऱ्यावर आणि त्याच्या आसपासच्या पानांवर असतो.

लँडरेसला आपल्याकडे सरळ शब्द आहे: गावरान. अमेरिकन शास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९७५ मध्ये जगभरातल्या अशा वाणांच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले, पण ते काय असतात हे आपल्या शेतकऱ्याला समजवावे लागत नाही. गावरान ज्वारीच्या शेतात दोन कणसे हुबेहूब सारखी नसतात. एक लवकर निसवते, एक उशिरा, एखादे पाऊस ओढला तरी तग धरते. तो सगळा मेळ मिळून वाण होतो. एकटे उत्तम कणीस म्हणजे वाण नव्हे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या बायांनी भाताची, वालाची वाणे घरात सांभाळली, म्हणून आज ती आहेत. पण भात स्वतःच्याच परागाने फळतो. मूठभर बी जपले तरी पुढच्या वर्षी बऱ्यापैकी तेच उगवते. भांगेचे तसे नाही. तिच्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे, आणि पराग वाऱ्यावर जातो. दक्षिण स्पेनमधल्या मालागा परिसरात हवेतले परागकण मोजताना भांगेचा पराग सापडला, आणि तो समुद्रापलीकडून, उत्तर आफ्रिकेतून आलेला होता. म्हणजे शेजारच्या दरीत कोणी परके बी पेरले तरी तुमच्या वाणात ते शिरते. दोन-चार झाडांवरून बी धरले तर वाणातले वैविध्य गळून जाते. मडक्यात जपून हे वाण टिकत नाही. त्याला दरवर्षी किंवा दर दोन-तीन वर्षांनी पुष्कळ झाडांचे शेत लागते.

आता मूळ. भांगेचा जवळचा नातलग म्हणजे बिअरला कडवटपणा देणारा हॉप्सचा वेल. दोघे सुमारे पावणेतीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत आणि भांग तिबेटच्या पठाराच्या ईशान्य कडेला, चिंगहाई सरोवराच्या परिसरात उगम पावली असावी, असा निष्कर्ष २०१९ साली जुन्या परागकणांच्या नोंदींवरून मांडला गेला. पुढे २०२१ मध्ये ११० वनस्पतींच्या जनुकसंचांची तुलना झाली. त्यात माणसाने भांगेची लागवड सुमारे १२,००० वर्षांपूर्वी पूर्व आशियात सुरू केली असे दिसले. धाग्याच्या आणि नशेच्या शाखा त्यानंतर बऱ्याच काळाने वेगळ्या होत गेल्या. शिनजियांगमधल्या तुर्फानजवळच्या यांगहाई इथल्या सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात ७८९ ग्रॅम भांग जशीच्या तशी सापडली. पामीरमधल्या जिरझांकलच्या दफनभूमीत, सुमारे २,५०० वर्षांपूर्वीच्या लाकडी धुपाटण्यांत, नशा आणणाऱ्या टीएचसीचे अंश मिळाले.

म्हणून 'भांग मूळची हिमालयातली' हे वाक्य मी सहसा वापरत नाही. हिमालय हे तिचे फार जुने घर आहे, जन्मघर बहुधा थोडे उत्तरेकडे आहे. पण गावरान वाणाला जन्मघरापेक्षा हे जुने घरच जास्त महत्त्वाचे. ज्या दरीत एखादे झाड शेकडो पिढ्या उगवले, तिथल्या दिवसाच्या लांबीने, थंडीने, तिथल्या बायामाणसांच्या हाताने त्याला आकार दिला. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी १९२० च्या दशकात मध्य आशियात आणि अफगाणिस्तानात फिरताना पाहिले की भांग माणसाच्या वस्तीमागे येते. गोठ्याजवळ, उकिरड्यावर, जिथे जमिनीत नत्र भरपूर, तिथे ती न पेरता उगवते. कुमाऊँतल्या कुठल्याही गावात गोठ्यामागे बघा, आजही तेच दिसेल.

नावांचा गोंधळही इथेच निस्तरायला हवा, कारण पाकिटांवरचा अर्धा मजकूर त्याच गोंधळावर उभा असतो. लिनियसने १७५३ मध्ये युरोपातल्या धाग्याच्या झाडाला कॅनाबिस सटायव्हा म्हटले. लामार्कने पुढे भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका असे वेगळे नाव दिले. त्याचे इंडिका म्हणजे आपले हिंदुस्थानी झाड: उंच, फांद्या पसरलेल्या, पाने अरुंद. बाजारात आज 'इंडिका' म्हणून जे बुटके, रुंद पानांचे झाड विकतात ते अफगाणिस्तानकडचे. आपल्या केरळच्या अरुंद पानांच्या झाडाला मात्र बाजार 'सटायव्हा' म्हणतो. नावे थेट उलटी झाली आहेत. २०२० मध्ये मॅकपार्टलंड आणि स्मॉल या दोन अभ्यासकांनी जुने नमुने तपासून हा गुंता सोडवला. इंडिका उपजातीत त्यांनी चार गट केले: भारतीय लागवडीचा इंडिका, अफगाणी लागवडीचा अफगाणिका, आणि या दोघांचे रानटी भाऊबंद, हिमालयेन्सिस आणि अस्पेरिमा. त्याच लेखात त्यांनी बजावले की संकरित बियाण्याच्या मिसळीमुळे भारतीय आणि अफगाणी, दोन्ही मूळ वाण नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत.

आपल्या भागाशी या वनस्पतीचा लेखी संबंध जुना आहे. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भांगेवर एक संवाद लिहिला. हा वैद्य अहमदनगरच्या निजामशहावरही उपचार करी. भांग आणि पोर्तुगालमधले धाग्याचे झाड एकच का, असे त्याला संवादात विचारले जाते. तो नाही म्हणतो, आणि कारण बियाण्यावरून देतो: हिचे बी लहान असते आणि तितके पांढरे नसते. साडेचारशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायची. वाण ओळखायला आधी बी हातात घ्या, पानांची रुंदी नंतर.

हिंदुस्थानातल्या वाणांची सगळ्यात तपशीलवार नोंद १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने केली. अकराशेहून जास्त साक्षीदार तपासले, सात खंडांचा अहवाल झाला. तो वाचताना लागवडीची केंद्रे नजरेसमोर येतात. बंगालमध्ये राजशाहीकडचे नौगाव, मध्य प्रांतात खांडवा, मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर जिल्हा. नौगावला नर झाडे ओळखून उपटणारा खास जाणकार माणूस शेतोशेत फिरायचा. नर वेळेवर काढले नाहीत तर मादी फळते, बी धरते आणि गांजाची प्रत उतरते. चरस, म्हणजे झाडाची गोळा केलेली राळ, मात्र मोठ्या प्रमाणावर मध्य आशियातल्या यारकंदहून लेहमार्गे पंजाबात यायचा. हिमालयात धागा आणि दाणा मुख्य. म्हणजे एकाच वनस्पतीची कमीत कमी तीन वेगळी रूपे, आणि प्रत्येकामागे वेगळी शेतीची रीत.

यातले मैदानी वाण आता शोधायला कुठे जायचे? नौगाव आज बांगलादेशात आहे आणि तिथली परवान्याची लागवड १९८७ मध्ये बंद झाली. अहमदनगर-खांडव्याची तर त्याआधीच गेली. मी नगर भागात बियाण्यासाठी फिरत असताना म्हाताऱ्या शेतकऱ्यांना मुद्दाम विचारायची. 'आजोबांच्या काळी परवान्याचा गांजा होता' एवढीच आठवण निघायची. दाणा कोणाकडेच नव्हता. लागवड गेली की बी दोन-चार वर्षांत मरते. साध्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात भांगेचे बी त्यापेक्षा जास्त जगत नाही. अहमदनगरचा म्हणून असलेला गांजा वाण गेला, आणि तो परत आणता येणार नाही, हे मी स्वीकारले आहे. आज पोलीस सातपुड्याच्या पायथ्याला कापसा-तुरीच्या आडून लावलेली जी झाडे उपटतात, त्यांत जुन्या वाणाचे काही आहे असे मानायला मला आधार दिसत नाही. चोरीच्या लागवडीत बी बाहेरून येते आणि कोणी निवडून ठेवत नाही.

काही वाण परदेशात जाऊन रुजले. १८४५ पासून करारावर नेलेले भारतीय, म्हणजे गिरमिटिया, मजूर जमैकात गेले, आणि 'गांजा' हा शब्द आजही तिथे आपल्याच उच्चाराच्या जवळ टिकून आहे.

तिथून पुढची गोष्ट १९६० आणि १९७० च्या दशकांतली. युरोप-अमेरिकेतले प्रवासी अफगाणिस्तान, नेपाळ, केरळ, थायलंड, मेक्सिको, कोलंबिया इथून बी घेऊन गेले. त्यांना अडचण एकच आली, ती म्हणजे दिवसाची लांबी. भांग दिवस लहान झाला की फुलते. केरळच्या इडुक्कीत, विषुववृत्तापासून दहा अंशांवर, वर्षभर दिवस जवळपास सारखाच, म्हणून तिथले झाड निवांत वाढते आणि फुलोरा कित्येक आठवडे चालतो. तेच बी हॉलंडात बावन्न अंशांवर उघड्यावर पेरले तर फुले पक्की होण्याआधी हिवाळा येतो. मग लवकर फुलणाऱ्या अफगाणी झाडांशी त्याचा संकर झाला, घरात दिव्यांखाली लागवड सुरू झाली आणि जे लवकर, बुटके, जास्त नशेचे, तेच निवडले गेले. आजच्या व्यापारी वाणांचा पाया असाच घातला गेला. केरळचे रक्त त्यांत असेलही, पण वाण केरळचा राहिला नाही. पाकिटावरच्या गावाच्या नावाचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो.

उलटी वाटही झाली, आणि ती जास्त घातक. तेच संकरित बी मूळ प्रदेशात परत आले. हिमाचलमधल्या पार्वती खोऱ्यात, मलाणा गावाच्या परिसरात बाहेरून आलेले बी पेरले गेल्याच्या बातम्या कित्येक वर्षे येत आहेत. वाऱ्याला गावाची शीव कळत नाही, त्यामुळे पेरणाऱ्यालाच नव्हे तर न पेरणाऱ्या शेजाऱ्यालाही त्याचा फटका बसतो.

मोरोक्कोच्या रिफ डोंगरात याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण दिसते. तिथल्या गावरान वाणाला 'बेल्दिया' म्हणतात. अरबीत बेल्दी म्हणजे इथलाच, देशी. आपल्या 'गावरान'ला याहून चांगला प्रतिशब्द मला सापडलेला नाही. बेल्दिया बहुतांशी पावसावर येते. तिच्या जागी 'खर्दाला' वगैरे संकरित वाण आले. उतारा वाढला, राळ वाढली, पण उन्हाळ्यात पाणी द्यावे लागू लागले, विहिरी खोल गेल्या. २०२१ मध्ये मोरोक्कोने औषधी आणि औद्योगिक लागवडीला कायद्याने मुभा दिली, आणि २०२४ पासून परवानाधारक शेतकऱ्यांना बेल्दियाची लागवड अधिकृतपणे करू दिली. एखाद्या सरकारने गावरान भांगेला वाण म्हणून जागा दिल्याचे हे उदाहरण मला मोलाचे वाटते. आपल्याकडे नेमके हेच अडले आहे.

आता आपल्याकडचा कायदा. अनेकांची इथे गल्लत होते आणि ती महागात पडते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, गांजाची व्याख्या फुलोऱ्याची आहे. फुलोऱ्याविना नुसते बी आणि पान तीत येत नाही. म्हणून कुमाऊँच्या बाजारात भांगेचा दाणा किराणा मालासारखा मिळतो, आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी, तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून नियमांच्या चौकटीत आणले. पण बी जवळ असणे आणि बी पेरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परवान्याविना एक झाड लावले तरी ती 'लागवड', आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड. गच्चीवरच्या कुंडीला सूट नाही. महाराष्ट्रात पानाच्या भांगेवरही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली बंधने आहेत. बनारसमध्ये भांगेचे सरकारी ठेके पाहून आलेल्यांनी तोच नियम इथे लागू आहे असे समजू नये.

त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये सरकारला धागा, बी किंवा बागकामासाठी लागवडीला परवानगी देता येते. या कलमाखाली उत्तराखंडने २०१८ मध्ये देशात पहिल्यांदा औद्योगिक भांगेच्या लागवडीचा परवाना दिला. हिमाचलने २०२५ च्या जानेवारीत पालमपूरचे कृषी विद्यापीठ आणि नौणीचे फलोद्यान-वनविद्या विद्यापीठ यांच्यामार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. वरवर पाहता गावरान वाणांना आता दिवस चांगले यायला हवेत. पण परवान्याची अट अशी की झाडात टीएचसी ०.३ टक्क्याहून कमी हवे, आणि हिमालयातल्या गावरान भांगेत ते पुष्कळदा त्याहून जास्त भरते.

ही ०.३ ची रेषा आली कुठून, हे धोरण करणाऱ्यांनाही बहुधा कोणी सांगितलेले नसते. १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी वर्गीकरणासाठी, सटायव्हा आणि इंडिका या उपजाती वेगळ्या करायला, वरच्या कोवळ्या पानांतले प्रमाण घेऊन ती आखली. ती सोयीसाठी ओढलेली रेषा आहे हे त्यांनीच म्हटले होते. तिचा आधार कॅनडाच्या थंड हवेत वाढवलेली झाडे हा होता. नशा येते की नाही याचा तो उंबरठा नव्हता. पुढे देशोदेशींच्या कायद्यांनी तीच रेषा उचलली. आमच्या एनडीपीएसच्या कलम १४ मध्ये तो आकडा नाहीही, तो राज्यांच्या नियमांतून आला.

परिणाम असा होतो की परवाना घेणारा शेतकरी गावचे बी सोडतो आणि बाहेरचे, कमी टीएचसीचे बी शोधतो. शेजारच्या गोठ्यामागची रानभांग आणि हे नवे बी एकमेकांत मिसळायला एक हंगाम पुरतो. ज्या योजनेने पहाडी भांगेला मान मिळायचा, तिच्यातूनच पहाडी वाण पुसला जाण्याची भीती आहे. याचा मला राग येतो, आणि तो मी बैठकांमध्ये लपवलेला नाही. एकाच गावातल्या झाडांत टीएचसी कमी-जास्त असते, त्यामुळे कमी असलेली झाडे निवडून स्थानिक वाणातूनच नियमात बसणारे बी तयार करता येते. ते काम विद्यापीठांनी करावे, मला मान्य आहे. मात्र त्याच वेळी मूळ, न निवडलेल्या वाणाची जपणुकीची शेते, अभ्यासाच्या परवान्याखाली आणि मोजक्या गावांत, ०.३ च्या अटीतून वगळलीच पाहिजेत. निवड म्हणजे चाळणी, आणि एकदा चाळले की खाली पडलेले परत मिळत नाही.

मग बी मिळते कुठे? सरळ सांगते. हौशी माणसाला भारतात गावरान भांगेचे पेरण्याजोगे बी मिळवायचा कायदेशीर रस्ता नाही. संशोधन संस्था, परवानाधारक कंपनी किंवा शेतकरी गट असाल तर आहे. दिल्लीतल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुकपेढीत बी उणे १८ अंशांच्या आसपास साठवले जाते आणि संशोधकांना लेखी कराराने नमुने मिळतात. जम्मूची भारतीय एकात्मिक औषध संस्था भांगेवर परवान्याने काम करते. परदेशात सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेकडे भांगेचे सुमारे ५०० नमुने आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात त्या संस्थेतले काही शास्त्रज्ञ उपाशी मेले, पण साठवणीतल्या धान्याला त्यांनी हात लावला नाही.

बाहेर पाठवायचा प्रश्नही लोक विचारतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी व्यक्ती वा संस्थेला इथले जैविक साधन नेण्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. बाहेरून आणायचे तर वनस्पती संगरोधाचे, म्हणजे क्वारंटाइनचे, नियम आहेत. आपल्या नावाची परदेशी पाकिटे विकणाऱ्या बहुतेकांनी पहिली मंजुरी कधी मागितली असेल असे मला वाटत नाही. ज्या गावाचे नाव छापून पैसे मिळतात, त्या गावाला त्यातला छदामही जात नाही.

नावांवरून फसवणूक आपल्या बाजारातही होते, कधी नकळत. इंग्रजीत 'हेम्प' हा शब्द धाग्याच्या कितीतरी झाडांना लावतात. 'डेक्कन हेम्प' म्हणजे आपली अंबाडी आणि 'सन हेम्प' म्हणजे ताग. दोन्हींचा भांगेशी काडीचा संबंध नाही. कुमाऊँत 'भंगजीरा' मिळतो, तो तर तुळशीच्या कुळातला. एकदा एका शेतकरी गटाने भांगेचे म्हणून माझ्याकडे तपासायला पाठवलेले पोतेभर बी भंगजीऱ्याचे निघाले. पैसे आधीच दिले होते, आणि ते परत मिळाले नाहीत.

भांगेचे बी असेल तर ते कोणत्या स्वभावाचे आहे हे बऱ्याच अंशी हातात घेऊन कळते. रानटी झाडाचे बी बारीक, त्यावर तपकिरी-करड्या नक्षीचे पातळ आवरण चिकटलेले, आणि बुडाशी आखूड मानेसारखा भाग असतो. त्या मानेमुळे ते पिकले की लगेच गळते. शेतात पिढ्यान्पिढ्या निवडलेले बी मोठे, गुळगुळीत, मान जवळजवळ नसलेले, आणि कापणीपर्यंत झाडावर टिकणारे. गावाकडचा नमुना म्हणून आणलेल्या मुठीत दोन्ही प्रकार दिसले तर मला बरे वाटते. गोठ्यामागची रानभांग आणि शेतातली भांग एकमेकींना भेटत होत्या, त्याची ती खूण. पाकिटातले सगळे दाणे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसले, तर ते 'गावरान' नसल्याची शंका घ्यावी.

पिठोरागढ जिल्ह्यातल्या एका गावात एक आमा होती, तिकडे आजीला आमा म्हणतात. नर झाडे फुलून गेली की ती आधी कापायची, कारण त्यांचा धागा मऊ. माद्या बी पिकेपर्यंत उभ्या. बी निवडताना चार-पाच दाणे दाताखाली धरायची. साल जाड लागली की बाजूला, कडवट लागले की बाजूला. तरी शेवटी बाजूला काढलेल्यातलेही थोडे पुन्हा बियाण्यात मिसळायची. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "सगळे गोड ठेवले तर पाखरे काही शिल्लक ठेवणार नाहीत." आनुवंशिक वैविध्य का राखावे यावर मी पुष्कळ वाचले आहे. तिच्या हाताने ते माझ्यासमोर करून दाखवले.

तिच्याकडचे आणि आसपासच्या गावांतले मिळून आम्ही एकोणीस नमुने जमवले होते. एका संस्थेच्या शीतगृहात ते ठेवायला दिले. यंत्र बंद पडले, ओल आत शिरली आणि कित्येक महिने कोणी डबे उघडून पाहिले नाहीत. आम्ही उगवण तपासली तेव्हा सहाच नमुने जिवंत होते, आणि आमाचा त्यांत नव्हता. पुन्हा तिच्या गावी गेलो तोवर ती गेली होती, शेत पडीक झाले होते आणि मुलगा हल्द्वानीला नोकरीला होता. गोठ्यामागे भांग उगवलेली होती. तिचे बी आणले, पण त्यात रानटी गुण वरचढ झाले होते.

त्यामुळे परवाना असलेल्या कोणाला खरोखर हे काम करायचे असेल, तर माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी. बी एका गावातून घेताना किमान पन्नास झाडांवरून, प्रत्येकाचे थोडे थोडे घ्या. उंच, देखणे झाड दिसले म्हणून त्याचेच ओंजळभर नको. पुन्हा पेरताना शंभराच्या खाली झाडे नकोत, आणि नर भरपूर राहू द्या, बियाण्याच्या शेतात नर उपटणे म्हणजे वाणाचा अर्धा वारसा फेकणे. ज्या उंचीवरून बी आले त्याच्या आसपासच पेरा. इतर भांगेपासून अंतर जितके जास्त तितके बरे. नर-मादी फुले एकाच झाडावर धरणाऱ्या वाणांच्या पायाभूत बियाण्यासाठी युरोपात पाच किलोमीटरचा नियम आहे. डोंगरात तेवढे अंतर मिळणे अवघड, म्हणून मधे डोंगराची धार आडवी असलेली बंद दरी निवडा. बी सावलीत, वाऱ्यावर वाळवा, ओल पाच-सात टक्क्यांवर आणा, हवाबंद डब्यात थंडीत ठेवा. एकच साठा एकाच जागी कधीच ठेवू नका. दुसरा दुसऱ्या संस्थेत आणि तिसरा त्या गावात, जो दरवर्षी पेरला जाईल असा.

आणि चिठ्ठी लिहा. डब्यावर नुसते गावाचे नाव पुरत नाही. उंची, महिना, किती झाडांवरून घेतले, आसपास बाहेरचे बी पेरले जाते का, आणि देणाऱ्याच्या संमतीने त्याचे वा तिचे नाव. शिवाय त्या घरात ती भांग कशाला वापरतात, तेही: चटणीला, दोराला, गुरांच्या औषधाला की कशालाच नाही. आमाच्या डब्यावर आम्ही 'दाणा, चटणीसाठी, चाखून निवडलेला' असे लिहिले होते. आज तिच्या वाणाबद्दल तेवढीच नोंद माझ्याजवळ आहे.